धोंड्याचं वाण आणि नऊ व्होल्ट

धोंड्याच्या महिन्यात जावयाला काय हवं ते विचारायची पद्धत आहे, तशी जावयाने 'काही नको' म्हणायचीही पद्धत आहे. मग सासरचे चांदीचा दिवा, कपडे आणि ताटभर अनारसे देतात आणि जावई नको नको म्हणत सगळं पिशवीत भरतो. या वेळी अहमदपूरच्या सासरहून विचारणा आली, तेव्हा मी लाज सोडून सांगितलं, "प्रोग्रामेबल डीसी पॉवर सप्लाय."

बायकोने कपाळावर हात मारला. मी नांदेडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो आणि घरी गॅलरीतल्या टेबलावर इलेक्ट्रॉनिक्सचा छंद करतो. त्या छंदापायी आमच्या घरातली बेल दोनदा दुरुस्त झाली आहे आणि लोक अजून कडीच वाजवतात. पण माझं म्हणणं असं, की हाताशी चांगलं हत्यार नाही म्हणून मी मागे आहे. हवे तेवढे व्होल्ट आकड्यावर लावून देणारा आणि ठरवलेल्या मर्यादेपलीकडे करंट जाऊ न देणारा तो चिमुकला डबा मिळाला, की माझ्यातला कारागीर जगाला दिसणार होता.

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, डबा मागवून ठेवला. त्यांचं सारं आयुष्य मोंढ्यात धान्य विकण्यात गेलं. वय झाल्यावर ते गायला लागले. कान थोडे मंद झालेत, त्यामुळे शेजारी तानपुऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी घुमत असली तरच त्यांचा सूर धरून राहतो. ती पेटी बंद पडली होती. अधिक महिनाभर देवळात रोज भजन, आणि मामा घरी बसून! एकदा पेटीविना गेले, तेव्हा दुसऱ्या ओळीला आवाज भलतीकडे गेला, पोरं हसली. त्यानंतर त्यांनी देवळाची वाट सोडली होती. हे सगळं मला मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, आम्ही अहमदपूरला पोचताच पाण्याचा तांब्या हातात देतादेता सांगितलं.

"पाहुणे, तुमचं मशीन आलंय. आता आमची पेटी बघाच," मामा म्हणाले. आवाज सहज होता, पण पेटी आधीच फडक्यातून काढून ठेवलेली होती.

मी आधी डबा लावून पेटीला लागतात तेवढे नऊ व्होल्ट ठेवले, मीटर लावला. मीटरनेही नऊ दाखवले. मी भोवतीच्या मंडळींकडे विजयाने पाहिलं. मंडळी पुढे काय होतं याची वाट बघत होती. पुढे काही होत नसतं, हे त्यांना समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली.

"म्हणजे नऊ लावलं की नऊच दाखवतंय?" मामांनी विचारलं.

"हो."

"मग बरंच हाय की," ते कशीबशी दाद देत म्हणाले.

तेवढ्यात मामी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. पूजा न करताच नवं यंत्र चालवल्याबद्दल मला बोलणी बसली. मामी कुठलंही काम अर्धवट करत नाहीत. डब्याच्या पुढच्या अंगाला वायर जोडायच्या दोन गुट्ट्या असतात, एक लाल, एक काळी. लाल गुट्टीला कुंकवाचा रंग होताच, म्हणून तिला हळद; काळी बिचारी मोकळी, म्हणून तिला ओलं कुंकू, तेही चांगलं थापून. वर अक्षता.

चष्मा मी बॅगेतच ठेवला होता, कारण चष्म्यात मी तज्ज्ञ दिसत नाही असं मला वाटतं. पेटीचा अडॅप्टर जळलेला दिसला, म्हणून त्याची वायर कापून चिमट्यांनी डब्याला जोडली. लाल चिमटा अर्थातच लाल गुट्टीला. नव्या मशीनला काही होऊ नये म्हणून करंटची मर्यादा अगदी कंजुषीने ठेवली आणि बटण दाबलं. नऊचा आकडा एकदम खाली बसला, मर्यादेचा दिवा लागला. पेटीतून आवाज नाही.

खरं तर इथे माणसाने गप्प बसून पुन्हा बघायचं असतं. मी घसा खाकरला. "मामा, आत शॉर्ट आहे. पेटी संपली."

"संपली?"

"संपली."

मामांनी पेटी फडक्यात गुंडाळली. मग धोंड्याच्या रिवाजाप्रमाणे मला पाटावर बसवलं आणि मामा-मामींनी परातीत माझे पाय धुतले. ज्यांचा सूर मी आताच मारून टाकला होता, ते वाकून माझ्या पायांवर पाणी घालत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी पुरणाचे धोंडे मी चार खाल्ले.

जेवणानंतर डबा आवरायला घेतला. कुंकू पिशवीला लागू नये म्हणून रुमालाने पुसलं, तर लाल गुट्टी काळी निघाली.

मी बॅगेतून चष्मा काढून लावला.

"अहो, काय झालं?" बायकोने विचारलं.

"उलटं जोडलं होतं मी."

घरभर हसू फुटलं. मामी मात्र कुंकवाच्या बाजूने ठाम होत्या, देवाचं कुंकू कुणाचं वाईट करत नाही म्हणे. ते एका अर्थी खरंच होतं. माझ्या कंजूष मर्यादेने पेटीला इजा होऊ दिली नव्हती. चिमटे बदलले, बटण दाबलं, आणि पेटी घुमायला लागली. मामांनी डोळे मिटून कान तिच्याजवळ नेला. त्यांचा चेहरा बघवत नव्हता, इतका आनंद होता त्यावर.

संध्याकाळी मी देवळात डब्याशेजारी पहारा देत बसलो. मामा शेवटपर्यंत सुरात गायले. कुणी हसलं नाही.

सकाळी निघताना मामींनी डबा माझ्या पिशवीत घातला. "मामांकडेच राहू द्या," मी म्हटलं, तर मामा दचकले. "छे छे! जावयाचं वाण माघारी घेत न्हाईत."

"माघारी कुठं देतोय? नवं मशीन रोज तासभर चालवून नऊचा आकडा हलतो का ते बघावं लागतं. टेस्टिंग म्हणतात त्याला. माझ्याकडे वेळ नाही."

मामांनी फार गंभीरपणे जबाबदारी घेतली.

नांदेडला उतरल्याबरोबर बाजारात पेटीसाठी साधा अडॅप्टर मिळाला. तो पाठवला की टेस्टिंग संपणार. तो अजून माझ्या खणात आहे.

कारण मामांचा आता रोज फोन येतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचं बोलणं कधी "बरं हाय ना पाहुणे? द्या लेकीकडं" याच्यापुढे गेलं नव्हतं. आता आधी आकडा सांगतात, मग भजनात कोण बेसूर झालं ते, मग मोंढ्यातलं. परवा आकडा सांगून झाल्यावर मी सवयीने म्हणालो, "हिला देतो."

"थांबा की," मामा म्हणाले. "तुमच्याशीच बोलून राहिलो."