शेजारचं रान

मंगळवार, सकाळ. हजर: मी, शालनकाकू आणि मंदा. तिघी सुनंदाच्या बांधावर उभ्या होतो. सोयाबीनचं नवं वाण गावात तिनं एकटीनंच पेरलंय. "तुझं बघू, मग आम्ही पेरू," असं आम्हीच तिला म्हणालो होतो. उगवण विरळ झाली आहे. मोकळ्या जागी ती वाकून पुन्हा बी टोकत होती.

"बरं झालं बाई, आपण थांबलो," काकू कुजबुजल्या. मीही मान डोलावली.

सुनंदानं वर पाहिलं. "बघून झालं असेल, तर खाली उतरा की गं!"

आम्ही हसलो आणि घरी आलो. नव्या बियाण्यावर भरवसा बसतो तो शेजारचं रान पाहून. पण त्या रानात कुणाचा तरी अख्खा हंगाम पणाला लागलेला असतो. तो आम्ही फुकट पाहिला, याची लाज वाटते. तिचं निम्मं रान टोकायचं अजून राहिलं आहे.