जरीच्या फेट्याचा रुसवा

नाथाजी पैलवानाइतका हलका माणूस मी गावात दुसरा पाहिला नाही. अंगानं नव्हे, मनानं. तालमीत त्याचं अंग रगडायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून सांगतो.

चव्वेचाळीस साली मेव्हण्याच्या लग्नात त्याला जरीचा फेटा मिळाला नाही, साधा मिळाला. तेवढ्यावरून हा गडी बायकोवर, चंद्राबाईवर, सहा महिने रुसला. तिच्या हातचं दूध घेणार नाही म्हणाला. म्हैस तिच्याच माहेरची, धारही तीच काढायची. आणि हा भरला तांब्या पायानं सारून, तिच्या सात पिढ्या उद्धरून पहाटे तालमीत यायचा. म्हसवडच्या यात्रेत मानाची कुस्ती मारायची आणि तिथला जरीचा फेटा बांधून सासुरवाडीला मिरवायचं, हा त्याचा बेत.

पण बैठका काढताना तोंडात आकडे कमी आणि मेव्हण्याला शिव्या जास्त. झोप नाही, भूक नाही. दंड सुकायला लागले, दम टिकेना.

"नाथा," इमाम वस्ताद म्हणाले, "घरचं भांडान घरी ठिवून ये. रागानं मारल्याली बैठक अंगी लागत न्हाई, गड्या."

"वस्ताद, कुनीतरी करनी केलीया," म्हणत त्यानं लंगोटाला लिंबू बांधलं आणि बैठका दुप्पट केल्या. असल्या माणसाला काय सांगायचं?

यात्रेत त्याच्यासमोर आला धुळा, शेजारच्या रंगूबाईचा मुलगा, खालच्या आळीच्या तालमीतला. "ह्याच्या घरी शेळीबी न्हाई," म्हणून नाथाजी हसला. पाचव्या मिनिटाला त्याला धाप लागली, सहाव्याला पाठ मातीला लागली.

"खुराक कसला घेतोस रं?" त्यानं उठता उठता खवचटपणे विचारलं.

धुळा भाबडा. "चंद्रावैनी रोज दूध देत्यात, दादा. तुमी पीत न्हाई न्हवं? वाया कशाला जायाचं म्हनून."

सगळा आखाडा हसला. मीही पोट धरून हसलो.

आता तरी शरमेनं गप्प बसावं? त्या नगानं घरी येऊन म्हैस विकायला काढली. चंद्राबाई उठून गोठ्यात गेली. तिनं दावं सोडलं आणि म्हशीसकट माहेरची वाट धरली. यात्रेतला जरीचा फेटा धुळानं तिच्या पायाशी आणून ठेवला होता. तो मात्र ती नाथाजीसाठी खुंटीला अडकवून गेली.