लावणीचं आवतण

आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, आयुष्यात जेवढा वेळ वाचवला तेवढा अख्ख्या पन्हाळा तालुक्याने मिळून वाचवला नसेल. त्या वाचवलेल्या वेळाचं पुढे काय करायचं, हे मात्र त्यांना कधी सुचलं नाही. चहा उभ्याने, भाकरी बांधावरून चालताना, आणि कोल्हापूरहून मी गेलो की "या पावणं" आणि "निघालासा व्हय?" हे एका दमात. अशा माणसाच्या हाती मोबाईल आला, तोही गावात सगळ्यांच्या आधी. "आता भातशेती बसल्या जागी करायची," त्यांनी जाहीर केलं. बसल्या जागी रेंज नव्हती. ती होती परड्यातल्या पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीवर. दाजी शिडी लावून वर चढायचे. एकदा त्यांनी तिथून, लावणीआधी वावरात चिखल करून देणाऱ्या पॉवर टिलरवाल्याच्या घरी फोन लावला. त्याची बायको त्याला शोधत रानात धावली. त्याने मशीन बंद केलं, पाय धुतले, घरी जाऊन फोन घेतला. "आमच्या चिखलाला कवा येतोस?" दाजींनी विचारलं. "तुमच्याच वावरात हुतो की, दादा. आता परत जातो." ताई पोट धरून हसली. मीही हसलो, पण तोंड फिरवून.

त्या वर्षी पावसाने ताण दिला आणि भाताची रोपं वाफ्यातच जून व्हायला लागली. शेवटी पाऊस आला, पण आणखी दोन दिवस गेले असते तर वर्षाचं भात हातचं गेलं असतं. आमच्याकडे लावण पैऱ्याने होते. आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. आदल्या दिवशी घरोघरी जाऊन बायकांना बोलवायचं आणि प्रत्येक घरी चहा घ्यायचा. "अकरा घरं, अकरा चहा, अर्धा दिवस गेला की," म्हणत दाजींनी गंजीवर चढून गावातल्या दुकानात एकच फोन केला आणि दुकानदाराकडे अकरा घरांचा निरोप दिला. सकाळी वावरात पाणी तयार, रोपांच्या पेंड्या तयार, माणूस एक नाही. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या आक्का बांधावरून जाताना थांबल्या. "दुकानातनं काडीपेटी मागवावी तशी माणसं मागवलीसा व्हय? दारात आला असतासा तर कोण न्हाय म्हणालं असतं?"

दाजी घरी आले, फोन ताईच्या हातात दिला आणि गावात गेले. अकरा चहा पिऊन परतले ते पित्ताची गोळी मागतच. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी आल्या आणि दिवस मावळायच्या आत रोपाची शेवटची काडी लागली.

चार वर्षांनी दाजींचे गुडघे गेले. तोवर त्या अकराही घरांत मोबाईल आले होते. लावणीच्या आदल्या दिवशी दाजी सोप्यात फोन हातात धरून बसून होते, नंबर काही लावत नव्हते. "मी जाऊन येऊ का?" मी विचारलं. "तुमी पावणं. तुमी जाऊन चालत न्हाय. माजं मलाच जायला पायजे." एवढ्या उतावळ्या माणसाला असं अडकून बसलेलं बघून मला गलबलून आलं. दुपारी अंगणात बोलणी ऐकू आली. आक्का दहा जणींना घेऊन आल्या होत्या. त्या सोप्यात टेकल्या आणि म्हणाल्या, "दादा, उद्या लावण न्हवं तुमची? मग चहा ठेवाय सांगा की."

दाजींनी हातातला फोन बाजूला ठेवला. ताई आधण ठेवायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.