दारात उभा राहिलेला कॅप्टन

आप्पा टीव्ही कधी बसून बघायचे नाहीत. काठी हनुवटीखाली टेकवायची, एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला लावायचा आणि मेंढरांमागं उभं राहावं तसं अर्धा तास उभं राहायचं. मी खुर्ची पुढं केली की म्हणायचे, "तो कॅप्टन एवढी माणसं संगं घिऊन उभा हाय, आन् मी बसू व्हय?" पहिल्या वेळी मला हसू आलं. पुढं पुढं मीच पलंगावर बसल्या बसल्या अवघडून जायला लागले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिरूरहून इनामगावकडं जाताना घोड नदीच्या काठाला जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावात मी शाळेवर होते आणि आप्पांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. आप्पांनी उमेदीची वर्षं मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत हिंडण्यात घालवली होती. मग शिवारात पाटाचं पाणी आलं, मेंढरं विकली, आणि ते कांदा नि झेंडू लावायला लागले. घरात ते, त्यांची बायको आक्का आणि एकुलती एक मुलगी मंगल. टीव्ही मात्र माझा. त्यामुळे रविवारी सकाळी माझी खोली माझी राहायची नाही.

त्या वेळी एक हिंदी मालिका लागायची. एक अंतराळयान, त्यात बरीचशी माणसं, आणि त्यांचा कॅप्टन. त्याला मालिकेत चांगलं भारदस्त नाव होतं, पण आमच्या गावात त्याला कुणी त्या नावानं ओळखत नसे. कॅप्टन म्हणजे कॅप्टन. एसटीच्या थांब्यावर दुकान असलेला भगवान शिंपी तर रविवारी सकाळी मशीनच बंद ठेवायचा. दारात गिऱ्हाईक उभं राहिलं तर "कॅप्टन झाल्यावर या" असं खुशाल सांगायचा.

आप्पांना हिंदी फारसं कळत नव्हतं. जे कळत होतं ते याच मालिकेतून. त्यामुळे बाजारात मिरची विकायला आलेल्या परप्रांतीय व्यापाऱ्याशी ते "आगे बढ़ने का आदेश है" असल्या भाषेत बोलायचे आणि तो बिचारा गोंधळून बाजूला व्हायचा. पण कॅप्टन त्यांना का आवडतो, हे त्यांनी मला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. कॅप्टन कुठल्याही ग्रहावर उतरण्याआधी तिथल्या लोकांना विचारायचा. परवानगी मिळाली तर उतरायचा, नाहीतर यान वळवायचा. "आमचंबी तसंच असतंय बाई," आप्पा म्हणाले. "कुनाच्या रानात मेंढरं बसवायची तर एकानं म्होरं जायचं, मालकाला इचारायचं. तो 'या' म्हनला तरच बाकीच्यांनी पाऊल टाकायचं. न इचारता घुसला त्यो चोर. ह्यो कॅप्टन चांगल्या घरचा दिसतुया." तक्रार त्यांची एकच होती. एवढं मोठं यान आणि राखणीला एक कुत्रं नाही, हे त्यांना कधी पटलं नाही.

मालिका संपली तेव्हा कॅप्टन मेला. सगळ्यांना लहान यानांत बसवून त्यानं सुखरूप पाठवून दिलं आणि स्वतः मोठं यान घेऊन एका विझत्या ताऱ्यात शिरला. भगवान शिंपी डोळे पुसत उठून गेला. आप्पा काठी घेऊन मागच्या दारी गेले आणि थोड्या वेळानं पाण्याचा आवाज आला. बघते तर रांजणातलं गार पाणी अंगावर ओतून घेत होते. सुतकाची अंघोळ! आक्का पदराआड हसली, मंगलनं तर कपाळावर हात मारला. आप्पा मात्र अंग पुसत शांतपणे म्हणाले, "मानूस गेल्यालं डोळ्यांनी बघितलं. मंग अंघूळ नको?" गावात महिनाभर याची चेष्टा चालली होती. मीही केली.

त्याच अंघोळीची चेष्टा करणं आमच्या घरात कुणाला पुढं जमलं नाही. मंगल बारावी झाली आणि कुरकुंभला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली. तिथं शिफ्टला येणारा राजकिशोर नावाचा मुलगा होता, बिहारचा. मुलगा शांत, निर्व्यसनी. दोघांनी दौंडला लग्न केलं आणि मग कळवलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. मागच्या दारी गेले आणि मंगलच्या नावानं अंघोळ केली. बाहेर येऊन आक्काला म्हणाले, "झालं. आता ह्या घरात तिचं नाव न्हाई." मला त्या वेळी त्यांचा फार राग आला. जिवंत पोरीच्या नावानं पाणी ओतायचं म्हणजे काय, असं मी तोंडावर विचारलंही.

पुढची काही वर्षं त्या घरात एक विचित्र कारभार चालू होता. मंगल माझ्याकडं फोन करायची. फोन आला की मी आक्काला कढीलिंब मागायच्या निमित्तानं हाक मारायची. आक्का येऊन बोलायची, रडायची, तोंड धुऊन परत जायची. आप्पांना सगळं ठाऊक होतं. आक्का फोनवर असली की ते ओट्यावर बसून उगीचच खोकत राहायचे आणि कुणी आत यायला लागलं तर त्याला दुसऱ्याच कामाला पिटाळायचे. एवढं करून तिचं नाव काढायची मात्र घरात सोय नव्हती. हट्टी माणूस, दुसरं काय.

अशात मंगलला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत, आणि आक्काचा जीव त्या एका गोष्टीवर टांगलेला. सातवा महिना लागला तेव्हा ती मला म्हणाली, "बाई, मला दागिना नको, लुगडं नको. पोरगी माझ्या हाताखाली बाळंत व्हवी, बास." मी म्हटलं, तुम्हीच विचारा की. ती म्हणाली, "इचारलं. 'ज्याच्या नावानं पानी वतलं ते मानूस दारात येत नसतं' म्हनले."

नेमकी त्याच सुमाराला पेपरात बातमी आली की कॅप्टन परत येणार. तीच मालिका, तोच नट, एका नव्या वाहिनीवर. गावात जो काही धुरळा उडाला! भगवान शिंप्यानं दुकानात पेढे वाटले. सलूनमध्ये रोज त्यावरच वाद. कॉलेजात जाणारी पोरं म्हणायची, तो नट आता म्हातारा झाला, पोट सुटलं असेल, एखादा तरणा हिरो घ्यायला पाहिजे होता. भगवान त्यांच्या अंगावर धावून जायचा. "तुमच्या बापाला म्हातारा झाला म्हणून बदलताय का?" काहींचं म्हणणं, ताऱ्यात जळालेला माणूस परत कसा येईल, हा सगळा जाहिरातींचा खेळ. मेडिकलवाल्याचं म्हणणं, अहो, एवढा छान शेवट झाला होता, त्याला कशाला हात लावायचा? मी स्वतः त्याच मताची होते. जे संपलं ते चांगलं संपलं होतं.

आप्पांचं मत सगळ्यांत कडक. थांब्यावर लोक मुद्दाम त्यांना छेडायचे, "आप्पा, तुमचा कॅप्टन जित्ता हाय म्हनं. तुमची अंघोळ वाया गेली की." आप्पा हसायचे नाहीत. "गेला त्यो गेला. तो आला तरी त्येला कुनी वळख देऊ नये." हे ते अशा आवाजात म्हणायचे की चेष्टा करणारे विषय बदलायचे. एकदा माझ्यासमोर हेच म्हणाले तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, हे कॅप्टनबद्दल चाललंय की मंगलबद्दल?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, काठी उचलली आणि निघून गेले. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. भाडं द्यायला गेले तर म्हणाले, "आक्कापाशी द्या."

मालिकेच्या पहिल्या रविवारी माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पा आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर टीव्हीकडं पाठ करून उभे राहिले. पण उभे होते.

भाग काय होता म्हणाल तर साधाच होता. कॅप्टन परत येतो. दाढी पांढरी, गाल बसलेले, अंगावर फाटका कोट. त्याच्या जुन्या सोबत्यांचं आता नवं यान आहे. तो दारापाशी येतो. आत ती सगळी माणसं त्याला काचेतून बघतात, ओळखतातही, पण कुणी दार उघडत नाही. आम्ही तर तुला मृत मानलं होतं, असं एक जण म्हणतो. कॅप्टन भांडत नाही, पुरावा देत नाही. तो एवढंच विचारतो, "अंदर आने की इजाज़त है?" आणि कुणी उत्तर द्यायच्या आत भाग संपला. साबणाची जाहिरात लागली.

लोक जाम वैतागले. पोरं म्हणाली, एक लढाई नाही, काही नाही, अर्धा तास नुसतं दार. भगवान शिंपी रडवेला होऊन म्हणाला, "ह्यो आपला कॅप्टन न्हाईच. आपला कॅप्टन असा केविलवाना व्हता का?" सगळे एकदम बोलत होते, आणि तेवढ्यात आप्पा दारात वळले. चेहरा रागानं लाल. "फुडचं कधी दावत्यात?"

"पुढच्या रविवारी," मी म्हटलं.

"म्हंजी तवर त्येला दारातच उभा ठिवनार?"

मी समजवायला गेले की आप्पा, ते असंच असतं, ती मालिका आहे. ते ऐकायला तयार नव्हते. "म्हातारं मानूस हाय. आपल्याच मानसांपाशी आलंय. इचारतंय, येऊ का. एवढं इचारल्यावर कुनी गप बसतं का? मानसं हायती का कोन?" म्हणाले आणि रानात निघून गेले. त्या आठवड्यात त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. आक्का सांगायची, जेवता जेवता मधेच हात थांबतो आणि म्हणतात, अजून उभाच असंल. झेंडूची तोडणी चालली होती तिथंही बायकांना हेच. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी नाही हसले. कारण मला मंगलसाठी आशा वाटत होती, आणि आता बोलले तर बिघडेल अशी भीतीही.

गुरुवारी शाळेतून आले तर आप्पा माझ्या खोलीच्या दारात. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले. "बाई, त्यो कुरकुंभचा फोन लावून द्या."

मी नंबर फिरवला. मंगल कामावर होती, राजकिशोरनं उचलला. मी काही बोलायच्या आत आप्पांनी रिसीव्हर हातात घेतला. पलीकडून तो "हॅलो, कौन?" म्हणत होता. शेवटी ते ताठ उभे राहिले आणि मालिकेतलं हिंदी गोळा करून मोठ्यांदा म्हणाले, "हम मंगल का बाप बोल रहा. उसको लेके आव. तुम भी आव. आने की इजाज़त है." आणि पलीकडून काही ऐकायच्या आत फोन ठेवून दिला. मागं आक्का पदरानं डोळे पुसत होती. मलाही रडू आवरलं नाही. आवरायचं तरी कशाला?

रविवारी येतो म्हणून मंगलनं त्याच रात्री उलट फोन करून कळवलं. रविवारी मालिकेच्या वेळी आप्पा शिरूरच्या एसटी स्टँडवर होते, मंगलला आणायला. इकडं माझ्या खोलीत आम्ही दुसरा भाग बघत होतो. आणि त्या लोकांनी कॅप्टनला आत घेतलं नाही. मतं घेतली, नियम काढले, आणि दार न उघडताच त्याला जायला सांगितलं. तो एकटा वळला आणि गेला. आमच्या गावात टीव्हीला शिव्या दिलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या. भगवान पाय आपटत थांब्यावर दुकानात गेला, आणि मंगलला उतरवून घ्यायचं म्हणून मीही त्याच्यामागं गेले.

गाडी आली. आधी आप्पा उतरले, मग जपून मंगल, आणि तिच्यामागं दोन पिशव्या घेतलेला राजकिशोर. तो जरा लांबच उभा राहिला. आप्पांनी त्याच्या हातातली एक पिशवी स्वतःकडं घेतली आणि दुकानात डोकावून विचारलं, "काय रं भगवान, घेतलं का त्येला आत?"

भगवान तोंड उघडून थांबला. त्यानं मंगलकडं बघितलं, मग माझ्याकडं. "घेतलं की आप्पा," तो म्हणाला. "समदी उठून दारात आली."

"मंग? न घिऊन जात्यात कुठं?" म्हणत आप्पा घराकडं चालू लागले.

लोकांना न आवडल्यामुळे मालिका लवकरच बंद पडली. तोवर घरात मंगलची मुलगी आली होती आणि आप्पांना टीव्हीकडं बघायला सवड नव्हती. पण सलूनमध्ये, थांब्यावर, शाळेत, कुणीही त्यांना खरं काय झालं ते सांगितलं नाही. तसं कुणी ठरवलंही नव्हतं. पुढं माझी बदली दौंडकडं झाली. आप्पा गेले तेव्हा मी पोचले ती उशिराच. राजकिशोर ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडत होता.

मंगलची मुलगी परवा दौंडला माझ्याकडं आली होती. कॉलेजात आहे आता. बोलता बोलता म्हणाली, मला लहानपणी आप्पा कॅप्टनची गोष्ट सांगायचे, आणि मग तिनं मला ती सगळी सांगितली. म्हातारा कॅप्टन दारात येतो. येऊ का, विचारतो. कुणी त्याला कुठं होतास म्हणून विचारत नाही, इतकी वर्षं का आला नाहीस म्हणून विचारत नाही. एक जण पायावर पाणी घालतो, आणि त्यांच्यातला सगळ्यात रागीट माणूस पुढं होऊन म्हणतो, चल, ताट वाढलंय. "असंच होतं ना हो ते बाई?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हो, अगदी असंच."