तालमीतली वाळू

आमच्या अण्णांचा जगात कुणावर विश्वास म्हणून नाही. रामहरी वस्ताद म्हटलं की पाथर्डी तालुक्यात लोक मान देतात, पण अण्णांना त्या मान देण्यातही डाव दिसतो. पायातली चप्पल निसटून मागे राहिली, तर दुकानदाराने मुद्दाम सैल माप दिलं. डॉक्टरने शुगरच्या गोळ्या लिहून दिल्या, तर त्याचं औषधवाल्याशी साटंलोटं. गोळ्या गेल्या कपाटावर. मी पोटची मुलगी, पण माझ्या हातचा चहासुद्धा आधी हुंगून बघतात!

विश्वास होता तो फक्त स्वतःच्या तळपायांवर. तालमीतल्या लाल मातीत उभं राहून, तेल-ताक किती मुरलंय ते डोळे मिटून सांगायचे. मलाही त्यांनी तिथंच कुस्ती शिकवली. समोरच्याला उचलताना आपलं वजन टाचेवर आहे की चवड्यावर, ते तळपायाला कळलं पाहिजे, म्हणायचे.

यंदा यात्रेच्या आधी डाव दाखवताना ते दोनदा घसरले. तेही सगळ्यांदेखत. झालं, मातीत कुणीतरी वाळू मिसळली! आणि माती कोण तयार करतं? तीस वर्षांपासून बन्सीकाका, अण्णांचे जोडीदार.

"फितवलाय त्याला," अण्णा म्हणाले. माझं डोकंच फिरलं, पण त्यांच्यापुढे कोण बोलणार? सोमवारी त्यांनी सगळी तालीम गोळा केली. वाळू निघाली तर बन्सीकाकांनी पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असं ठरवूनच टाकलं.

अण्णा शेताच्या वाटेने अनवाणीच आले आणि थेट मातीत उतरले. टाच गर्रकन फिरवली.

"बगा, नुसती सरकती. पायाला लागतच न्हाई काई."

काका त्यांच्या पायाकडेच बघत होते. टाचेखालची माती ओली झाली होती. काका खाली बसले. अण्णांनी माझा खांदा धरला. पाय मांडीवर घेऊन काकांनी टाचेतून बोटभर बाभळीचा काटा ओढून काढला. अण्णांनी साधं हूं की चूं केलं नाही. काकांची पाठ आड होती, त्यामुळे इतरांना काही दिसलं नाही.

अण्णा काट्याकडे बघत राहिले.

काकांनी काटा मुठीत घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "वस्ताद, माजंच चुकलं. वाळू मिसळली मी. उद्यापासून येत न्हाई."

"खोटं बोलतूस, बन्स्या," अण्णा म्हणाले. पाय मात्र मांडीवरून काढला नाही. "तो काटा सगळ्यांना दाव. आन आता टोच. बगू कळतंय का."

काकांनी टोचला.

अण्णा वाट बघत होते.

"आरं, टोच की!"