कोपराची खूण

मी भुपेंद्र. गावातले लोक मले 'फौजी' म्हणतात तं माही मान खाली जाते. खरा फौजी तुलाराम होता, तलावात मासोळ्या धरणाऱ्या घरचा.

पहाडीवरच्या बारूदगोदामावर फौजेची तुकडी आली, तवा गावातले आमी दोघंच पहाऱ्याले भरती झालो. त्याची बायको सखाबाई रोज दोघांचाही डबा बांधून देई. तुलारामचा एक कान लहानपणीच वाहून वाहून बाद झाला होता. दुसरा मी घालवला. चांदमारीत निशाणा शिकताना मले भलतीच घाई, त्याच्या कानाजवळच बंदूक झाडली. आता बोला! दुसरा कोणी असता तं मले साहेबापुढं उभा केला असता. हा म्हणते कसा, "राहू दे गा, तुही नोकरी जाईल."

तवापासून आमची एक खूण होती. साहेब समोर असला तं तुलाराम ओठ पाहून हुकूम समजे. साहेब मागं असला का मी हळूच कोपर मारायचो. एकदा मारलं तं उजवीकडं, दोनदा मारलं तं डावीकडं. सहा वर्षं कोणाले पत्ता लागला नाही.

मंग तुकडी हलायचं ठरलं. साहेब म्हणाले, गावातला एकच माणूस संगं नेता येईल, पक्क्या नोकरीवर. कवायतीत जो चोख, तो. आमाले दोघाले तलावाकडं तोंड करून उभं केलं अन् मागून हुकूम दिला.

माहं कोपर बरगडीले चिकटूनच राहिलं. मले पक्की नोकरी पाहिजे होती, दुसरं काय! मी वळलो. मले वळताना पाहून तुलाराम वळला, उशिरा. तीनदा तसंच झालं. साहेबानं माहं नाव लिहून घेतलं. थू माह्या जिनगानीवर! सखाबाईच्या डब्यातला भात तवाही पोटात होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मीच निघालो.

परवा सुटीवर आलो. तुलाराम घरापुढं जाळं वाळवून राहिला होता. मले पाहून उठला, पिशवीत मासोळ्या भरून दिल्या अन् म्हणाला, "बहुत दिवसापासून विचारीन म्हणतो. त्या दिवशी तू तं कोपर मारलंच असशील गा. माह्या अंगालेच समजलं नसन, नाही का?"

सखाबाई दारात उभी होती. तिनं माह्याकडं पाहिलं. तुलारामच्या कानाशी ओरडलं तंच त्याले थोडंसं ऐकू जाते. मी ओरडून म्हणालो, "हो गा, मारलं होतं!"