पत्ता ही काही शिवी नाही

रॉन लाइनवर आला तेव्हा माझ्या तोंडात बेसनाचा लाडू होता आणि उजवा हात बटणापाशी. डेट्रॉइटजवळच्या एका रेडिओ स्टेशनवर मी इंजिनिअर होतो. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे आमचा होस्ट रॉय. हा रॉय पूर्वी सकाळी टोमॅटोच्या रोपांना खत कधी घालावं ते सांगायचा. मग ऐंशीच्या दशकात स्वस्त जपानी गाड्यांपुढे इथले गाड्यांचे कारखाने बंद पडू लागले, रेडिओवर वादाच्या दोन्ही बाजूंना वेळ देण्याचा नियमही वॉशिंग्टनने काढून टाकला आणि रॉयला कळलं, की टोमॅटोपेक्षा राग फार लवकर उगवतो. त्याचा कॉल-इन शो सुरू झाला. लोक फोन करत, जपानला शिव्या घालत, आणि मधूनमधून आम्ही गाद्या विकत असू.

शिव्यांसाठीच माझं बटण होतं. फोनवरचं बोलणं आमच्याकडे लगेच हवेत जात नसे. एक यंत्र ते सात सेकंद अडवून ठेवी. कुणी घाण शब्द वापरला की मी बटण दाबायचं, की ते सात सेकंद गायब. श्रोत्यांना वाटे, फोनच कट झाला. गोम एवढीच, की एकदा बटण दाबलं की यंत्र रिकामं होई. ते पुन्हा भरेपर्यंत तोंडातून निघेल ते थेट हवेत. म्हणून आम्ही लगेच एखादी जाहिरात लावत असू. तेवढ्या वेळात यंत्र भरे.

रॉनची नोकरी नुकतीच गेली होती. आवाज शांत, प्रत्येक वाक्यात ‘प्लीज’. तो म्हणाला, “रॉय, आमच्या गावात एक माणूस फक्त जपानी गाड्या दुरुस्त करतो. तुमच्या श्रोत्यांना त्याचा पत्ता हवा असेल. येताना हातोडा आणा. लिहून घ्या प्लीज.”

मी लाडूसकट थिजलो. त्या गावात असा माणूस एकच होता. टाओ, मूळचा व्हिएतनामी. माझी छोटी जपानी गाडी तोच दुरुस्त करायचा. ती गाडी मी स्टेशनच्या पार्किंगमध्ये कधीच लावत नसे. दोन गल्ल्या सोडून एका चर्चमागे लपवत असे, एखादं लफडं लपवावं तशी.

रॉनने घरनंबर उच्चारला आणि मी बटण दाबलं.

काचेपलीकडे बटण दाबल्याचा लाल दिवा लागला. रॉयने माझ्याकडे पाहिलं आणि तो गोड हसला. यंत्र रिकामं आहे हे त्यालाही ठाऊक होतं. “रॉन, लाइन खराब दिसते. परत सांग, कुठे म्हणालास?”

मी हाताला लागली ती जाहिरातीची कॅसेट मशीनमध्ये कोंबली. गाद्यांच्या दुकानाची निघाली. तिची सुरुवात बदकाच्या ओरडण्याने होई. टाओच्या पत्त्याच्या जागी अख्ख्या परगण्याने बदक ऐकलं. जाहिरात संपेपर्यंत मी रॉनची लाइन तोडली होती.

घरी गेलो तर सुलभा म्हणाली, “अहो, आज बदक मध्येच का केकाटलं?”

“तब्येत बिघडली होती त्याची.”

“तुमची नोकरी तर नाही ना बिघडली?”

ते सकाळी कळलं. मॅनेजर बॉबने मला बोलावलं. रॉय खिडकीत बसून डोनट खात होता.

“सिड, शिवी होती का?” बॉबने विचारलं. सुधाकर म्हणायचे कष्ट तिथे कुणी घेत नसे.

“नाही. पत्ता होता.”

“पत्ता ही काही शिवी नाही. यलो पेजेसमध्ये सगळ्यांचे पत्ते असतात.”

“यलो पेजेस हातोडा घेऊन या म्हणत नाहीत, बॉब.”

“तो रागावलेला माणूस आहे, यार!” रॉय म्हणाला. यार मीच त्याला शिकवला होता. “लोकांना बोलू द्यायला नको? कोण कुठे हातोडा घेऊन जातो?”

संध्याकाळी त्याने शोची सुरुवातच केली, ‘रॉनचं तोंड कुणी दाबलं?’ लोक टाओला विसरून माझ्यावर घसरले. फोन थांबेनात. जाहिराती वाढल्या. बॉब कॉरिडॉरमध्ये शीळ घालू लागला.

मी टाओकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो एका गाडीखाली झोपून काम करत होता. बाहेर न येताच म्हणाला, “बोर्ड काढू?”

“काढ. चार दिवस बंदच ठेव.”

“भाडं चार दिवस बंद राहतं का? मी झेंडा लावलाय की शटरवर.” खरंच लावला होता, बऱ्यापैकी मोठा अमेरिकन झेंडा. “माझ्या देशात लोक न सांगता येत. इथे निदान रेडिओवर सांगून येतात.” तो गाडीखाली एकटाच हसला. मला हसता आलं नाही, आणि मी तर कुठेही हसतो.

पुढच्या सोमवारी सुतार आला आणि त्याने माझं बटण उचलून काचेपलीकडे रॉयच्या टेबलावर बसवलं. वायरिंग मीच करून दिलं. बॉब म्हणाला, निर्णय होस्टने घेतलेला बरा.

त्याच दिवशी रॉन परत लाइनवर आला. पत्ता सांगितला. घरनंबर, रस्ता, चर्चनंतर डावीकडे वळा. रस्त्याच्या नावाचं स्पेलिंगही दिलं. रॉय हनुवटीवर हात ठेवून ऐकत होता. मग बराच वेळ रॉन आपल्या गेलेल्या नोकरीबद्दल बोलला, बोलता बोलता त्याचा आवाज फुटला आणि त्याच्या तोंडून एक शिवी निघाली.

रॉयने तत्परतेने बटण दाबलं.

“पाहिलंस?” बॉब माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला. “ते असं वापरायचं.”

शनिवारी टाओच्या गॅरेजच्या काचा फुटल्या आणि आत उभ्या असलेल्या तीन गाड्याही. टाओ वाचला, कारण तो मुलीला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. महिन्याभरात त्याने टेक्सासमधल्या भावाकडे बिऱ्हाड हलवलं. पोलिसांना कुणी सापडलं नाही. स्टेशनवर मात्र कुणाचीच तक्रार आली नाही. हवेत एकही घाण शब्द गेला नव्हता.

त्यानंतर मी त्या धंद्यात बरीच वर्षं काढली. शिव्या देणाऱ्याची मला कधीच भीती वाटली नाही. तो दमतो आणि फोन ठेवतो. स्पेलिंग सांगणारा माणूस लाइनवर आला, की मात्र मी लाडू खाली ठेवतो.